पक्कड आमची, सही त्यांची

परवाच्या रविवारी आमच्या वस्तीच्या विहारात एक साहेब येऊन गेले. कौशल्य विकासवाले. कडक इस्त्रीचा शर्ट, प्रोजेक्टर उचलायला सोबत एक पोरगा, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. भिंतीवर चित्र दाखवलं. पिवळं हेल्मेट घातलेला गोरागोमटा इलेक्ट्रिशियन हसतोय, अंगाला धुळीचा कण नाही. साहेब म्हणाले, "नोकरीच्या मागं किती धावणार? हुनर शिका. शिकता शिकता पगार घ्या. इलेक्ट्रिशियन कधी उपाशी मरत नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी मागं दाराशी उभा होतो. साहेबांच्या डोक्यावर जो पंखा फिरत होता तो मीच लावलेला.

भाषण संपल्यावर आमच्यातलेच एक काका उठले. बँकेतून रिटायर झालेत, वस्ती सोडून पंधरा वर्षं झाली, जयंतीला येतात. म्हणाले, "आपल्या पोरांना ह्या पान्हे-पकडी कशाला? बाबासाहेबांनी हातात पेन दिलं. पोरांनी एमपीएससी करावी, साहेब व्हावं." पोरांनी त्यांनाही टाळ्या वाजवल्या. आमची पोरं टाळ्या वाजवायला कंजुषी करत नाहीत.

मी कुणालाच टाळी वाजवली नाही. हे लिहायला बसलोय ते ह्या दोघांच्या विरोधात. आणि थोडं स्वतःच्याही. ते पुढं येईल.

मी वीजतंत्री. सरकारी कागदावर हाच शब्द आहे. वायरमनला तारतंत्री, फिटरला जोडारी, वेल्डरला संधाता. काय सोवळे शब्द! संधाता म्हटल्यावर वाटतं आता पाटावर बसवून हातात पळी-पंचपात्री देतील. आत गेलं की हातात छिन्नी-हातोडी देतात आणि म्हणतात, चल, झिरी मार.

आमच्या गल्लीत अकरा घरांत दोन मीटर होते. बाकीच्या नऊ घरांची वायर त्या दोघांकडून. बल्बमागे इतके, पंख्यामागे इतके, टीव्हीमागे इतके, असा महिन्याचा हिशेब. मीटरवाला रात्री दहा वाजले की कीटकॅट उपसून उशाशी घेऊन झोपायचा. अभ्यासाला बसलेलं पोर अंधारात. फ्यूज सारखा उडायचा म्हणून सातवीत असताना मी पहिल्यांदा कीटकॅटमध्ये जाडी तांब्याची तार गुंडाळली. फ्यूज उडायचा बंद झाला. आई गल्लीभर सांगत फिरली, पोरगं हुशार निघालं. आज कळतं की त्या दिवशी मी नऊ घरं जाळायचं सामान बसवलं होतं. फ्यूज उडतो तो घर वाचावं म्हणून. तो उडायचा बंद झाला म्हणजे आता त्याच्या जागी भिंतीतली वायर तापणार. हे सांगणारं गल्लीत कुणी नव्हतं. आमच्या वस्त्यांमध्ये आग लागली की पेपरात दोन शब्द येतात, 'शॉर्ट सर्किट'. त्या दोन शब्दांमागं वर्षानुवर्षांचा हा न सांगितलेपणा आहे, तो पेपरात येत नाही.

चौदा एप्रिलला कमानीच्या लायटिंगसाठी खांबावर आकडा टाकणारा पोरगा वस्तीचा हिरो असायचा. मलाही तेच व्हायचं होतं. दहावी झाली, मार्क बेताचे, आयटीआयला राखीव जागेवर वीजतंत्रीला नंबर लागला. दोन वर्षं. वर्कशॉपमध्ये सगळ्या बॅचला मिळून एक मेगर, तोही कपाटात. पण आमचे निदेशक सर बरे होते. त्यांनी एक गोष्ट हाडात घातली. कुणी सांगितलं म्हणून लाईन बंद नसते. दोन बल्बांचा टेस्ट लॅम्प घ्यायचा. आधी चालू लाईनवर लावून तो पेटतो का बघायचं, मग बंद लाईनवर लावायचा, मग परत चालूवर. तीनदा. बापानं जरी सांगितलं लाईन बंद आहे, तरी तीनदा. ह्या एका वाक्यासाठी मी त्या सरांना आजही जय भीम घालतो. ते आपल्यातले नव्हते, तरी घालतो.

आता साहेबांच्या 'पगारा'कडे येतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये खाडीपलीकडच्या एका कंपनीत अप्रेंटिस लागलो. महिना ८०५० रुपये. हा आकडा कंपनीनं दयेनं ठरवला नव्हता. २०१९ साली केंद्रानं नियम बदलले त्यात किमान दर बांधले होते. दहावीवाल्याला ६०००, आयटीआयवाल्याला ७०००, पदवीधराला ९०००, आणि दोन वर्षांचा कोर्स केलेल्याला वाढ धरून ८०५०. त्याला पगार म्हणत नाहीत. विद्यावेतन म्हणतात. फरक काय? पगार कमी पडला तर कामगार भांडू शकतो, युनियन करू शकतो, संप करू शकतो. विद्यावेतन देतील तेवढं घ्यायचं. कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं १८ वं कलम सरळ सांगतं की शिकाऊ हा शिकणारा आहे, कामगार नाही, आणि कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत.

शिकाऊ उमेदवार! उमेद आमची, वार त्यांचा.

ह्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते काकांनी वाचलेलं नाही आणि साहेबांनी सांगितलं नाही. ३ अ. ते १९७३ च्या दुरुस्तीनं घातलं. प्रत्येक नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायच्या, राज्यातल्या त्यांच्या लोकसंख्येकडे बघून, आणि त्या राखायच्या मालकानं. नीट वाचा. मालकानं. म्हणजे खासगी कंपनीनंसुद्धा. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही म्हणून आपण घसे फोडतोय, आणि इथं पन्नास वर्षांहून जुनं आरक्षण कायद्यात पडलंय. फक्त ते शिकाऊ असेपर्यंत. वर्ष संपलं, पोरगा शिकला, की आरक्षणही संपलं. मूळच्या २२ व्या कलमात लिहिलं होतं की शिकून झाल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर म्हणे मालकानं आपलं धोरण ठरवायचं. धोरण त्याचं, ठरवणार तो. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या खटल्यात म्हटलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर शिकाऊला बाहेरच्या माणसाच्या आधी घ्यावं. बाकी सगळं सारखं असेल तर! आमच्या देशात बाकी सगळं कधी सारखं असतं का, मायलॉर्ड?

आणि तीच २०१४ ची दुरुस्ती आणखी एक काम करून गेली. आधी मालकानं कायदा मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. ती काढली. दंड ठेवला. २०१६ पासून तर सरकार विद्यावेतनातला चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, स्वतःच्या तिजोरीतून देऊ लागलं. म्हणजे पैसा जनतेचा, घाम पोरांचा, आणि फलकावर नाव कंपनीचं.

तिथं जुना कायम इलेक्ट्रिशियन रिटायर झाला होता, त्याची जागा भरली नव्हती. आम्ही सहा शिकाऊ आलो. आम्ही गेल्यावर दुसरे सहा आले. २०१९ च्या नियमात तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असं आहे. पोरांना शिकवावं म्हणून ते केलं. ह्यांनी हिशेब लावला, कायम माणूस कशाला ठेवा? दर साली ताजा माल येतोय.

'कमवा आणि शिका' हा शब्द साहेबांनी तीनदा वापरला म्हणून एक सांगतो. तो कर्मवीर भाऊराव पाटलांचा आहे. त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली आणि त्यांच्याकडून काम करून घेतलं ते त्यांच्याच भाकरीसाठी, त्यांच्याच शिक्षणासाठी. त्या घामातून कुठल्या शेअरहोल्डरचा डिव्हिडंड निघत नव्हता. उधार शब्द घ्यायचा तर किंमत तरी विचारावी.

आता आतलं सांगतो. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मग "गावात कुठल्या बाजूला घर?" ही चौथ्या प्रश्नाची परीक्षा तुम्ही सगळे दिलेली आहे, मी नव्यानं काय सांगू. दुपारपर्यंत सहा जणांची वाटणी झाली. दोघं पॅनेलवर, ड्रॉइंग त्यांच्या हातात. चौघं केबल ट्रेंचमध्ये. चौघांची आडनावं लिहीत नाही, तुम्ही ओळखलीत. ट्रेंचमध्ये गुडघाभर पाणी, ऑइल, गाळ. त्यात मेलेले उंदीर. मेलेला उंदीर काढायला कुणाला हाक मारायची हे त्या शॉपमध्ये कुणाला शिकवावं लागलं नाही. ते ज्ञान तिथं परंपरेनं होतं.

विजेच्या धंद्यात दोन जातीची माणसं असतात, ओढणारा आणि जोडणारा. भिंतीला झिरी मारणं, कंड्युट टाकणं, वायर ओढणं, ड्रमवरची केबल खांद्यावर घेऊन खेचणं हे ओढणाऱ्याचं. लग मारणं, टर्मिनेशन, रिलेचं सेटिंग, मेगर लावून इन्सुलेशन बघणं, अर्थिंगचं रीडिंग घेणं हे जोडणाऱ्याचं. आणि सगळ्यात शेवटी एक कागद असतो, टेस्ट रिपोर्ट. त्याच्यावर सही होते. ती सही झाली की काम झालं, बिल निघालं. वायर दहा माणसांनी ओढलेली असते, सही एकाची. १९५६ च्या वीज नियमांपासून हे चालत आलंय की वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानं, लायक ठरवलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं. पुढच्या विनियमांतही ते राहिलं. बरोबरच आहे. विजेशी खेळ नको. पण लायक कोण हे ठरवणारा कागद मिळवायला आधी जोडायला शिकावं लागतं, आणि जोडायला शिकायचं तर कुणी तरी पॅनेलचं दार तुझ्यासाठी उघडावं लागतं. तिथं चौथा प्रश्न उभा असतो.

हे नवं नाही. आपल्या आज्यांना विचारा, ज्यांचे आजे गिरणीत होते. आपली माणसं रिंगखात्यात होती, पण साचेखात्यात त्यांना घेत नव्हते. साच्यावर पैसा जास्त. कारण काय सांगायचे? धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागतं, अस्पृश्याच्या तोंडाचं सूत दुसऱ्याच्या तोंडाला लागेल. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल गिरणीच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगारांची एकजूट म्हणता, मग साचेखात्याचं दार आमच्या माणसाला उघडा, ही मागणी मागण्यांत घाला. एकजुटीची भाषा करणाऱ्यांना ते जड गेलं. आज धोटा नाही, गिरण्या नाहीत, गिरणीच्या जागी टॉवर आहेत. त्या टॉवरच्या भिंतीला झिऱ्या कोण मारतंय जाऊन बघा. डीबीचं दार कुणाच्या किल्लीनं उघडतं तेही बघा.

काका, पेन तुमचं तुम्हाला लखलाभ. पण बाबासाहेबांचं नाव घेऊन पक्कड टाकायला सांगू नका. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि देशाच्या विजेचं धोरण त्याच खात्याकडे होतं. २५ ऑक्टोबर १९४३ ला वीज आणि सार्वजनिक बांधकामाच्या धोरण समितीपुढं ते अध्यक्ष म्हणून बोलले. वीज का पाहिजे, हा सवाल त्यांनी मुळापासून घेतला. उद्योग वाढल्याशिवाय शेतीवर लोंबकळणाऱ्या माणसाचं दारिद्र्य हटणार नाही, आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय उद्योग वाढणार नाही, असा तो युक्तिवाद. १९४४ साली केंद्राचं तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं तेही त्यांच्याच खात्यात. आज तुमच्या फ्लॅटमध्ये एसी चालतो त्या जाळ्याच्या पहिल्या आराखड्यावर ह्या माणसाचा हात फिरलाय. हे आपल्या जयंतीच्या भाषणांत का येत नाही? संविधानाचं पुस्तक हातात धरलेला पुतळा आपल्याला पाठ आहे. धरणं आणि वीजघरांच्या बैठकीला अध्यक्ष असलेला माणूस पाठ नाही. कारण आपण साहेब झालो आणि वीज दुसऱ्यानं लावायची गोष्ट झाली.

आणि काही दोस्त म्हणतात, ही सगळी स्वस्त मजुरी आहे, अप्रेंटिसशिपवर बहिष्कार टाका. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण ती जागा आपली आहे. ३ अ नं आपली आहे. आपण सोडली तर ती रिकामी राहणार नाही, आणि आपल्या गल्लीत कीटकॅटमध्ये तांब्याची तार गुंडाळणारं पोरगं तेवढं राहील. मी ती जागा सोडणार नाही. मला त्या जागेवर बसून भांडायचंय.

हे म्हणायला माझं तोंड किती स्वच्छ आहे, ते आता सांगतो.

फेब्रुवारी २०२४. रविवार. मेन पॅनेलचं मेन्टेनन्स. मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघंच शिकाऊ बोलावलेले. माझा जोडीदार म्हणजे ट्रेंचमधल्या चौघांतलाच एक, डब्यातली अर्धी भाकर मला देणारा. सुपरवायझरनं इनकमरचा ब्रेकर ऑफ केला आणि म्हणाला, "लाईन बंद आहे. मागचं झाकण काढा, धूळ झाडा, नटबोल्ट आवळा." आणि चहाला गेला. पहिल्यांदाच पॅनेलचं दार आमच्यासाठी उघडलं होतं. जोडीदार खूश. म्हणाला, "आज खरं काम."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकर ऑफ केला की त्याच्या पुढची बाजू मरते. मागची बाजू, जिथं ट्रान्सफॉर्मरकडून केबल येते, ती जिवंतच राहते. ती मारायची तर आणखी मागं जाऊन बंद करावं लागतं. ४१५ व्होल्ट. झाकण काढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच तांब्याच्या, सारख्याच धुळीच्या दिसतात. माझ्या बॅगेत टेस्ट लॅम्प होता. दोन बल्बांचा, आयटीआयत स्वतः बनवलेला. बॅग माझ्यापासून चार पावलांवर. मी बॅटरी धरून उजेड दाखवत होतो. सरांचं वाक्य मला आठवलं. खोटं सांगत नाही, आठवलं. पण सुपरवायझरनं बंद म्हटलंय, आता लॅम्प काढला तर म्हणेल, माझ्यावर भरवसा नाही का, कालचं पोर! आणि परत ट्रेंचमध्ये पाठवेल. म्हणून नाही काढला.

पान्हा लागला. आवाज म्हणजे फटाका नव्हता, काही तरी फाटल्यासारखं. आणि निळा-पांढरा उजेड. नंतर बराच वेळ मला दुसरं काही दिसत नव्हतं. जोडीदाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानेवर, गालावर. हातात मोजे नव्हते. मोजे स्टोअरमध्ये होते आणि स्टोअर रविवारी बंद.

तीन तासांनी मला ऑफिसात बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. शटडाऊनचं परमिट दिलं होतं. हातमोजे दिले होते. सूचना दिल्या होत्या. शिकाऊ उमेदवारानं सूचना डावलून स्वतःहून मागचं झाकण उघडलं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. मला पाणी दिलं. "तुझं वर्ष नीट पार पडू दे. तुझ्यासारख्या पोराला आम्ही ठेवून घेऊ."

मी सही केली.

दोस्तांनो, वर दोनशे ओळी मी ज्या सहीबद्दल बोंबलतोय, ती सही आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात दिली गेली तेव्हा मी ती अशी वापरली.

तेव्हा मला कळलं नव्हतं की तो कागद तसाच का लिहिला होता. नंतर एका वकील ताईनं समजावलं. त्याच १९६१ च्या कायद्याचं १६ वं कलम म्हणतं की शिकताना, शिकण्याच्या कामातून शिकाऊला इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची, कामगारांच्या भरपाईचा जो कायदा त्याच हिशेबानं. बघा गंमत. हातपाय धड असेपर्यंत आम्ही कामगार नाही, हात जळला की त्या एका हिशेबापुरते कामगार! पण दिलेली सूचना माणसानं जाणूनबुजून मोडली असं दाखवता आलं तर मालक जबाबदारीतून सुटायची वाट काढतो. म्हणून 'सूचना डावलून'. म्हणून 'स्वतःहून'. ते तीन शब्द माझ्या सहीवर उभे होते.

जोडीदाराला पहिल्या दवाखान्याचं बिल मिळालं, बस्स. उजव्या हाताची दोन बोटं आज मिटत नाहीत. पक्कड धरता येत नाही. एका सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची सही घेतो. मला वर्ष संपल्यावर प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसवलं, हात मिळवला आणि गेटपास जमा करून घेतला. ठेवून घेऊ म्हणणारा साहेब त्या दिवशी मीटिंगमध्ये होता. वर्षभर मी त्याच्या गल्लीतून जात नव्हतो. मग एकदा तोच आला, म्हणाला, घरातला पंखा चालत नाही, येतोस का? गेलो. कपॅसिटर गेला होता, बदलला. त्याच्या आईनं चहा दिला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माहितीय मला. तू जागेवर असतास तर मीही केली असती." ह्या वाक्यानं मला जेवढं जाळलं तेवढं त्या पॅनेलनं जाळलं नसतं.

म्हणून साहेबांना माझा सवाल आहे. विहारात येऊन हुनर शिका म्हणता, तर आमच्या पोरांना हे का नाही सांगत की करार मागून घ्या, त्याची प्रत आपल्याकडे ठेवा, ऑनलाइन नोंद झालीय का बघा? की सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही? की करारावरून भांडण झालं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे तक्रार नेता येते? टॅबवाला हसरा इलेक्ट्रिशियन दाखवलात, अर्थिंगचं रीडिंग घेणारा एक तरी दाखवलात का? ८०५० रुपयांचं आमिष दाखवायची गरज नाही, पैशाला आम्ही तसेही येऊ. दार कुठल्या पॅनेलचं उघडणार ते बोला.

आणि पोरांनो, तुम्हालाही. अप्रेंटिस लागलात की एक दोनशे पानी वही घ्या. रोज रात्री लिहा, आज काय केलं. 'ट्रेंच साफ केला' असेल तर तेच लिहा, तारखेसकट. तीन महिने तेच येत असेल तर ती वही पुरावा आहे की तुम्हाला शिकवत नाहीत, वापरतायत. परमिट स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, आणि न बघितलेल्या परमिटवर सही तर मेलात तरी करू नका. वर्ष झालं की तिथंच थांबू नका. तारतंत्रीचा परवाना काढा, मग पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, त्याच्याही पुढं ठेकेदाराचं लायसन. कागदपत्रं, खेटे, दलाल, सगळं आहे वाटेत. मी आत्ता दुसऱ्या पायरीवर अडकलोय. पण आपल्या वस्तीतल्या वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर सही करायला बाहेरचा माणूस बोलवावा लागतो, ही लाज मला झोपू देत नाही.

गेले चार महिने दर रविवारी संध्याकाळी सहाला विहारात बसतो. नऊ जण येतात, त्यात दोन पोरी. त्यातली एक वीजतंत्रीला पहिल्या वर्षाला आहे आणि स्टार-डेल्टा माझ्यापेक्षा साफ काढते. प्रत्येकानं स्वतःचा टेस्ट लॅम्प बनवलाय. गल्लीतली सगळी कीटकॅट उघडून तांब्याच्या तारा काढल्या, पाव किलोच्या वर निघाल्या. चार घरांत मीटरसाठी अर्ज केलेत, दोन आले. जोडीदारही येतो. बोटं मिटत नाहीत, पण ड्रॉइंग तोच समजावतो. त्याचं डोकं मूळचंच पॅनेलवरचं होतं.

भरपाईचा दावा आम्ही लावतोय. उशीर झालाय, उशिराचं कारण वेगळं लिहून द्यावं लागतं. त्या कारणात माझी पहिली सही आहे. माझं नवं निवेदन मी तीनदा लिहिलं, वकील ताईनं तीनदा परत पाठवलं, रडगाणं काढ आणि काय झालं तेवढं लिही म्हणाली. चौथं झालंय. कंपनी म्हणेल, हा पोरगा आधी एक बोलला, आता दुसरं बोलतो, खोटारडा आहे. म्हणू दे. पहिल्या वेळी होतोच.

सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही दोघं नाक्यावरच्या पुतळ्यापाशी भेटतोय. तिथून कार्यालय चालत वीस मिनिटं. ज्यांना जमेल त्यांनी या. येताना आपापल्या कराराची झेरॉक्स आणा. कुणाच्या कागदात काय भानगड आहे ते जाता जाता वाचू.